काटोबाचे डोळे

उत्तम, तुझी शेवटची बाहुली माझ्या टेबलावर आली तेव्हा तिला डोळे नव्हते.

तेराव्याला नांदेडला आलो होतो, तेव्हा वहिनींनी ती जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. "भाऊजी, हे तुमचं राहिलंय," एवढंच म्हणाल्या. लोहा गाव मागे पडल्यावर मी बसमध्ये टॉवेल उघडला. कागदाच्या लगद्याचं तोंड, कीड लागू नये म्हणून त्यात घातलेल्या मेथीच्या पुडीचा वास अजून गेलेला नाही. नाक रंगवलेलं, ओठ मिटलेले, पाठीवर खराट्याच्या काड्या एकीआड एक काळ्या-पांढऱ्या. आणि डोळ्यांच्या जागी दोन कोरे गोल. शेजारच्या बाईंनी ते बघितलं आणि मांडीवरच्या लेकराचं तोंड खिडकीकडे वळवलं.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? रडू नाही आलं. मला वाटलं, यात याचा काहीतरी डाव आहे.

तू म्हणायचास, डोळे प्रयोगाच्या दिवशी सकाळीच काढायचे. आधी काढले तर बाहुली कपाटात पडून शिळी होते. आणि डोळे काढायचे ते मीच, कारण मी चित्रकलेचा मास्तर. धड तुझं, नजर माझी. ही वाटणी आपण मोडली नाही. पण प्रयोग कुठे ठरला होता? गेल्या वर्षभरात तू एकही प्रयोग घेतला नाहीस, मला तर फोनवरही धड बोलला नाहीस. मग ही बाहुली कशासाठी आणि कुणासाठी केलीस? लातूर येईपर्यंत मी हाच विचार करत होतो. घरी आल्यावर ही म्हणाली, मेलेल्या माणसावर तरी संशय घेऊ नका. ही असं म्हणणारच. माझ्या सख्ख्या भावानं आणलेला पेरूसुद्धा मी दाबून, वास घेऊन मगच खातो, हे तिनं आयुष्यभर पाहिलंय.

काटोबाची गोष्ट तुला सांगायची गरज नाही. पण एकदा नीट मांडू दे, कारण भांडताना आपण ती नेहमी अर्ध्यातच तोडायचो. आपल्या दोघांच्याही शाळेत पुस्तकांच्या पेटीत ते गोष्टीचं पुस्तक होतं, तुझ्या अर्धापूरला आणि माझ्या औशालाही. माझ्या प्रतीला कव्हर नव्हतं, तुझ्या प्रतीचं शेवटचं पान कुणीतरी फाडलेलं. रानातले प्राणी भुईमुगाचं शेत राखतात, रोज एकाची पाळी. सायाळीची पाळी येते. सायाळ म्हणजे आपला काटोबा. सकाळी सगळे येतात तर वेल उपटलेले, शेंगा फस्त. सगळे विचारतात, शेंगा कुणी खाल्ल्या? काटोबा काही बोलत नाही. एकदा काटे वाजवतो आणि ओढा ओलांडून निघून जातो. संपली गोष्ट. शेवटच्या चित्रात त्याची पाठ आहे. शेंगा कुणी खाल्ल्या ते पुस्तक सांगतच नाही.

मला तेव्हापासून त्या चित्रकाराचा राग आहे. पाठ काढून मोकळा झाला लबाड. तोंड काढलं असतं तर काहीतरी ठरवावं लागलं असतं.

आणि मी शेतकऱ्याच्या घरातला. सायाळ भुईमूग कसा उकरते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी वाफ्यात नुसती टरफलं असतात. त्यामुळे माझ्या लेखी प्रश्नच नव्हता. काटोबानंच खाल्ल्या. जो निर्दोष असतो तो बोलतो, निदान चिडतो तरी. जो गप्प राहतो त्याच्या पोटात काहीतरी असतं. तू हसायचास. "दिग्या, तुला गोष्ट नाही पाह्यजे, तुला चोर पाह्यजे. कामून एवढा संशय घिऊन राह्यला रे?" बी.एड.च्या वसतिगृहात आपली ओळख झाली तीच या भांडणातून, आणि ते भांडण मिटवायची घाई आपण दोघांनीही कधी केली नाही.

तुला आठवतं, गॅदरिंगला आपण पहिल्यांदा काटोबाला रंगमंचावर आणलं? पोत्याला तुरीच्या वाळलेल्या तुराट्या बांधून केलेला पोशाख. मला वाटलं, आता सापडला. इथे पाठ करून चालणार नाही, लोकांकडे तोंड करून उभं राहावं लागेल. पण काटोबा झालेल्या पोराच्या मानेत तुराटी टोचत होती, आणि ऐन आरोपाच्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं. सगळ्या आया हळहळल्या. त्या दिवशी तुराटीनं निकाल दिला, आणि तू तो स्वतःच्या खात्यावर मिरवलास.

मग रेडिओसाठी केलं. तिथे तोंडही नाही आणि पाठही नाही, फक्त आवाज. वाळलेल्या चिंचोक्यांचा डबा तू माइकपुढे हलवलास, आणि तो खळखळाट ऐकून मलाच दचकायला झालं. त्या खळखळाटात काटोबा बेरकी होता, धमकी देत होता. मी तुला तसं म्हणालो तर तू म्हणालास, तो भेदरलेला आहे, भेदरल्यावरच सायाळ काटे वाजवते. एकच डबा, दोन माणसं, दोन अर्थ. त्यावर आपण नांदेडच्या स्टँडवर चहा गार होईपर्यंत वाद घातला.

माहूरला गडाखाली तुझ्या ओळखीचे गोंधळी होते. त्यांना तू ही गोष्ट सांगितलीस आणि त्यांनी ती संबळावर बसवली. त्यांच्या गोंधळात देवी स्वतः शेतात येते आणि सांगते, माझा राखणदार चोर नाही. लोकांनी हात जोडले. मी मागे उभा राहून मनात म्हटलं, हे बरं आहे, देवीनं साक्ष दिल्यावर उलटतपासणी कोण घेणार? तू माझ्याकडे बघून हसलास. तुलाही ते पटलं नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं. तुला काटोबा निर्दोष हवा होता, पण असा परस्पर नको होता.

मी माझा सूड इस्लापूरच्या शाळेत घेतला. तिथल्या भिंतीवर मी त्याला दरवाज्याएवढा काढला. बुबुळं खाली आणि कोपऱ्यात, नजर तिरकी. पहिलीची पोरं त्या भिंतीजवळून पळत जायची. हेडमास्तरांनी मला प्रेमानं विचारलं, याला थोडं हसरं करता येईल का? मी नाही म्हणालो. तू सहस्रकुंडचा धबधबा बघायचं निमित्त करून ती भिंत बघायला आलास. बराच वेळ भिंतीसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "चित्र भारी हाय. पण तो कुणाकडं बघून राह्यला ते काढायचं तू इसरलास." मला वाटलं, टोमणा मारतोयस. मी ते सोडून दिलं.

एकदाच आपलं एकमत झालं. तुझ्या पुतण्यानं पुण्याहून मोबाइलवर कार्टून पाठवलं होतं तेव्हा. त्यात काटोबा भलंमोठं भाषण करतो, कोल्हा पकडला जातो आणि शेवटी सगळे नाचतात. तू म्हणालास, याला बोलायला कुणी सांगितलं होतं? मी म्हणालो, आणि कोल्ह्याचा काय संबंध? त्या संध्याकाळी आपण फार खूश होतो.

पण माझा खरा संशय बाहुल्यांवर होता, तो आज स्पष्ट सांगतो.

तू बाहुल्यांचा खेळ करायचास तेव्हा मी पडद्याच्या पुढे, पोरांच्या मागे, बाजाची पेटी घेऊन बसायचो. प्रत्येक प्रयोगाच्या सकाळी मी काटोबाचे डोळे काढायचो, इस्लापूरच्या भिंतीवर काढले तसेच. बुबुळं खाली, कोपऱ्यात. चोराची नजर. मग रंग वाळवायला बाहुली तुझ्याकडे द्यायचो. आणि खेळात समोरची पोरं रानातले प्राणी होऊन त्याला विचारायची, शेंगा कुणी खाल्ल्या, तेव्हा पडद्यावर जो काटोबा दिसायचा तो माझा नसायचा. त्याची नजर बदललेली असायची. काळजीत असल्यासारखी, माणसासारखी. मागच्या बाकांवर मास्तर लोकसुद्धा हळवे व्हायचे. पेटीवर माझी बोटं चुकायची, रागानं.

माझी खात्री होती की तू माझ्यामागे ब्रश फिरवतोस. केसाएवढं सरकवलं तरी बुबुळ बदलतं, हे मला कोण शिकवणार? मी दोन-तीनदा आडून विचारलं. "तू रंगाला हात लावलास का?" तू म्हणायचास, "मी कशाला लावू?" आणि हसायचास. त्या हसण्यावरून मला वाटायचं, लावलाच. खेळ संपला की बाहुल्या वहिनींच्या ट्रंकेत जायच्या आणि पुढच्या वेळी नवी बाहुली, नवे डोळे. पुरावा कधी हातात आला नाही.

आणि मग हे शेवटचं वर्ष. फोन केला की तू म्हणायचास, बघू. तालमीचं विचारलं की बघू. हैदराबादला गेलो होतो म्हणालास. कशाला? असंच, बाहुल्यांचं काम होतं. दोनदा गेलास, तिसऱ्यांदा गेलास. हैदराबादला असं कुठलं बाहुल्यांचं काम निघालं? फोनवर तुला टोचलं तेच मी हिलाही म्हणालो, यानं दुसरी मंडळी जमवली आहेत, कुणीतरी नवा डोळे काढणारा गाठलाय. ही म्हणाली, नांदेडची माणसं हैदराबादला कशाला जातात ते तुम्हाला माहीत नाही का? मी तो विषय बदलला. पुढे वहिनींचा फोन आला तो एकदम तू गेल्याचाच.

तुझ्यावर मी यासाठी चिडलोय, उत्तम. गेलास म्हणून नाही, ते कुणाच्या हातात नसतं. सांगितलं नाहीस म्हणून. मला ओढा ओलांडणारी तुझी पाठ दाखवलीस. इतक्या वर्षांचा मित्र, त्याला एवढंही सांगायचं नाही? मी असं काय केलं असतं?

तुझ्या शाळेनं शोकसभा घ्यायची नाही असं ठरवलं. भाषणं कुणाला नको होती. मुख्याध्यापक बाईंनी वहिनींना सांगितलं, सरांचा खेळ करू या, आणि पडद्यामागे भाऊजींना बसवा. मी नकार दिला. माझा हात कधी बाहुलीत गेलेला नाही, मी पेटीवाला माणूस. वहिनी फोनवर म्हणाल्या, त्यांनी बाहुली तुमच्यासाठीच करून ठेवली आहे, गळा तुमच्या बोटाच्या मापाचा आहे. मी बोट घालून पाहिलं. खरंच माझ्या मापाचा होता. तुझं बोट माझ्यापेक्षा बारीक. म्हणजे तू आधीच सगळं ठरवलं होतंस, आणि मला त्यात कुणी विचारलं नव्हतं.

खेळाच्या दिवशी सकाळीच नांदेडला पोचलो. वहिनींना म्हटलं, आधी ती ट्रंक उघडा.

त्यांनी किल्ली काढून दिली. हायस्कूलात गणित शिकवलेल्या बाई, उत्तर माहीत असताना मुलाला फळ्यावर गणित करू द्यायची त्यांना सवय. मी सगळे जुने काटोबा पलंगावर मांडले. चाळिशी लावली. एकेकाचा डोळा खिडकीजवळ धरून पाहिला. मग नखानं रंग खरवडला. माझ्या काळ्याखाली माझाच पांढरा, पांढऱ्याखाली लगदा. दुसरा थर नाही. ब्रशची टोकं माझी, बुबुळाची कडही माझी. कोपऱ्यात काढलेली बुबुळं कोपऱ्यातच होती. सगळे काटोबा चोरासारखे माझ्याकडे बघत होते. तू कशालाच हात लावला नव्हतास.

मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी आणखी गोंधळलो. मग पडद्यावर मला दिसायचा तो कोण होता?

मी रंग काढले आणि नव्या बाहुलीला डोळे दिले. वहिनींनी विचारलं, यंदा कसे काढणार? मी म्हणालो, नेहमीसारखेच. तू मेलास म्हणून मी माझं मत बदलायचं का? ते तुलाही आवडलं नसतं. बुबुळं खाली, कोपऱ्यात. टेबलफॅनपुढे धरून वाळवली.

मग वहिनींनी मला तुमच्या कपाटाच्या आरशापुढे उभं केलं. तू तिथेच तालीम करायचास म्हणे, हे मला माहीत नव्हतं. उजव्या हातात काटोबा दिला. डाव्या हातात सशाचं पिल्लू दिलं. ते पिल्लू मी प्रत्येक खेळात पाहिलं होतं आणि त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मला वाटायचं, दुसरा हात रिकामा दिसू नये म्हणून तू ते घेतोस. मी दोन्ही हात वर केले. आरशात काटोबा दिसला, तिरका, बेरकी, अगदी माझा. मी वहिनींना म्हणालो, बघा, चोर तो चोर.

वहिनी पुढे आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरून जरा वर उचललं, थोडंसं आत वळवलं.

"असं," त्या म्हणाल्या. "ते असं धरायचे."

उत्तम, तेच डोळे होते. नुकतेच वाळलेले, माझ्या हातचे. पण आता काटोबा नजर चुकवत नव्हता. कोपऱ्यातून तो सशाच्या पिल्लाकडे बघत होता. पिल्लाच्या तोंडाला तू तपकिरी रंगाचा एक बारीक ठिपका दिला होतास, शेंगेचं टरफल चिकटल्यासारखा. इतक्या वर्षांत मला पडद्यासमोरून तो ठिपका दिसला नाही. शेंगा कुणी खाल्ल्या ते काटोबाला माहीत होतं. म्हणून तो बोलत नव्हता. इस्लापूरच्या भिंतीपुढे तू मला जे म्हणाला होतास तो टोमणा नव्हता.

माझे हात खाली आले. मी पलंगावर बसलो आणि मग मला रडू आलं, जे तेराव्याला यायला हवं होतं ते. वहिनी शेजारी बसल्या. मी त्यांना विचारलं, त्यानं मला आजाराचं, हैदराबादच्या दवाखान्याचं का सांगितलं नाही?

"मी लई म्हणले, दिगूभाऊंना सांगा. तर म्हणले, नको. दिग्याला कळलं की तो माझ्याकडं रोग्यासारखा बघंल. मला त्याचं संशयानं बघणंच पाह्यजे. तेवढं एक तरी आधीसारखं राहू दे."

म्हणजे त्या वर्षभरात मी फोनवर जे जे टोचून बोललो, नवी मंडळी, नवा डोळेवाला, हैदराबादची थापेबाजी, ते सगळं तुला हवं होतं. तू फोन ठेवून हसत असणार. मला तुझा राग येतो आणि तुझे उपकारही वाटतात, आणि या दोन्हीतलं कुठलं आधी सांगावं ते कळत नाही.

खेळ दुपारी झाला. वर्गातली दोन टेबलं उभी करून त्यांना चादर बांधली होती. माझ्या जागी पेटीवर संगीताच्या बाई होत्या, वहिनी पहिल्या रांगेत. घरातून निघताना मी त्यांना एक विचारलं होतं, मनगटाचं मला दाखवायचं हे उत्तम तुम्हाला सांगून गेला होता का? त्या नुसत्या हसल्या. अगदी तुझ्यासारख्या. मला अजून संशय आहे.

पडद्यामागून काहीच दिसत नाही रे. दिसतात त्या दोन बाहुल्यांच्या पाठी, पुस्तकातल्या त्या चित्रासारख्या. समोरून पोरांचा आवाज आला, शेंगा कुणी खाल्ल्या? मी मनगट वर केलं, आत वळवलं. काटोबा कुठे बघत असेल ते मला कळायला मार्ग नव्हता, फक्त वर्ग शांत झाला तो ऐकू आला. एवढा वेळ हात वर धरायची माझी सवय नाही. खांदा भरून आला, बोटं कापायला लागली, मनगट सारखं खाली यायला बघत होतं. जरा खाली आलं असतं तर तो पुन्हा चोर झाला असता, आणि आपल्या भांडणात मी जिंकलो असतो. पेटी थांबेपर्यंत मी ते खाली येऊ दिलं नाही.